डोंबिवलीहून वाईला : घर आपलं कधी होतं?

घाटावरची

नमस्कार मंडळी,

आज पहाटे पाचला जाग आली. लाइट गेलेली. अंथरुणातून उठले, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन आडवी झाले. मग लक्षात आलं की मधे तो उंबरठा होता. चांगला वीतभर उंच, सागवानी, जुन्या घरांना असतो तसा. गेले आठ महिने त्याने माझ्या डाव्या पायाच्या करंगळीचा पिच्छा पुरवलाय. एकदा तर नख निघालं. आणि आज मिट्ट काळोखात पाय आपसूक उचलला गेला, जाताना आणि येतानाही. पुढे झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

म्हणून हा धागा. तुमचं नवं घर तुमचं कधी झालं? दिवस, वेळ, प्रसंग आठवतो का कुणाला?

आमचं थोडक्यात सांगते. आम्ही दोघं मागच्या जूनमध्ये डोंबिवली सोडून वाईला आलो. एकतीस वर्षं पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर काढली. माझी बँकेतली नोकरी फोर्टात, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास प्रवासात. यांचं आजोळ वाईचं. गंगापुरीत चार खोल्यांचं एक जुनं घर विकायला आहे असं कळलं आणि यांनी दोन दिवसांत होकार कळवून टाकला. मी हो म्हटलं ते यांच्या चेहऱ्याकडे बघून.

सगळे म्हणत होते, भाग्यवान आहात, कृष्णाकाठी राहायला निघालात. खरं सांगते, पहिला दीड महिना मी रोज रडत होते. झोप येईना. डोंबिवलीत पहाटेची पहिली लोकल गेली की मी कूस बदलायची आणि पुन्हा गाढ झोपायची. इथे कूस बदलायला आवाजच नाही. दुपारी एक ते चार दुकानं बंद. मंडईत भाजीवाली विचारायची, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?" रोज तोच प्रश्न. आणि सामान आणणाऱ्या लोकांनी सासूबाईंची लोणच्याची बरणी फोडली. चिनी मातीची, खाली पांढरी नि वर पिवळी. तिच्यात चाळीस कैऱ्यांचं लोणचं मावायचं. पैशाने भरून निघणारी गोष्ट नव्हती ती. त्या लोकांनी फॉर्म भरून घेतला आणि पुढे फोन उचलणंच बंद केलं. तिचं झाकण तेवढं शाबूत राहिलं, ते मी अजून टाकलेलं नाही.

मग जुलै लागला. वाईला पाऊस बेताचा. महाबळेश्वर बत्तीसेक किलोमीटरवर, तिथे कोसळतो आणि इथे भुरभुर. पण धरण भरलं आणि धोमचं पाणी सोडलं की नदी एका रात्रीत वर येते. मी सकाळी नुसती बघायला म्हणून गणपती घाटावर गेले. पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर तीन कमी. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. मला त्याचा नादच लागला. ढोल्या गणपतीचं देऊळ ऐन पात्राला लागून आहे. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनी वाटेला लागावा म्हणून. हे मला आधी वाचून माहीत होतं. पण गढूळ लाल पाणी त्या दगडाच्या टोकावर येतंय, फुटतंय आणि दोन्हीकडून देवळाला बगल देऊन पुढे जातंय हे छत्री धरून अर्धा तास उभं राहून बघणं वेगळं. माझ्यासारख्याच आणखी तीन-चार बायका तिथे रोज असायच्या. एकीने विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, "सात राहिल्या." वाईत माझ्याशी कुणी पाहुणी म्हणून न बोलता बोललेलं ते पहिलं वाक्य.

आणि आता पाट्याची गोष्ट. परसात प्राजक्ताखाली एक पाटा पालथा पडलेला होता. आधीच्या मालकीणबाईंनी तसाच सोडलेला, वरवंटा शेजारी. उलटा केला तर वापरून वापरून मधोमध खळगा पडलेला आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. त्याच्यावर काही वाटलं जाईना, नुसतं सरकायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टाकी लावून घ्या." दिवाळीनंतर टाकी लावणारी बाई दारावरून गेली तेव्हा तिला हाक मारली. ती पाट्यासमोर मांडी घालून बसली, डोळ्यांवर पदराची झापड ओढली आणि छिन्नी-हातोडीने एका कडेपासून सुरुवात केली. टक टक टक टक, मधे उसंत नाही. दगडाचा बारीक भुगा तिच्या मनगटावर बसत होता. प्रत्येक घावाला तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण उठायची, आणि सगळ्या खुणा तिरक्या, एका ओळीत, पेरणी केल्यासारख्या. वीस मिनिटांत आख्खा पाटा भरला. मग तिने तळवा फिरवून बघितला आणि मला म्हणाली, "हात लावा." मांजराची जीभ लागावी तसं खरखरीत लागलं.

मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले, पाटा धुतला, पुन्हा तांदूळ वाटले. मग लसूण, भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, मीठ. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा एक तर रवा होतो नाहीतर लगदा. पाट्यावर तेल सुटतं, पण दाणा दाणा दाताखाली राहतो. गरम भाकरी, वर ती चटणी. यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "आजी." पुढे जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत.

यांचंही सांगते. सकाळच्या फेरीत यांना विश्वकोशाच्या कार्यालयावरून जायचं असतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून ते काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि सासऱ्यांनी तो तेव्हाच घेऊन ठेवला होता. डोंबिवलीत आमच्याकडे तो माळ्यावर खोक्यात होता, कारण शेल्फाला जागा नव्हती आणि आम्हाला वेळ नव्हता. आता तो खाली आलाय. रात्री जेवणं झाली की हे एक नोंद मोठ्याने वाचतात आणि मी ऐकता ऐकता लसूण सोलते. काल अडुळसा झाला. आज सकाळी बघितलं तर परसात कुंपणाला आहे तो अडुळसाच. आठ महिने आम्ही त्याला "ते झुडूप" म्हणत होतो.

लिहीत गेले की लांबतं. तुमचं सांगा.

प्राजक्त७

घाटावरची ताई, किती दिवसांनी असं काही वाचलं. उंबरठ्याचं अगदी पटलं. आम्ही नाशिकला नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी कित्येक महिने दिव्याचं बटण जुन्या घराच्या जागी शोधत होते, दाराच्या डावीकडे. भिंतीवर हात आपटायचा. एक दिवस माहेरी गेले आणि तिथे उजवीकडे हात गेला. तेव्हा कळलं, घर बदललं.

भाजीवाली अजून "पाव्हणं" म्हणते का?

घाटावरची

प्राजक्त७, नाही म्हणत. गौरीच्या आदल्या दिवशी मी सोळा भाज्या घ्यायला गेले. पिशवी भरून झाल्यावर तिने वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि म्हणाली, "आळूची पानं उंद्याला घेऊन जा, आज ठेवली तर मान टाकत्यात." तेव्हापासून प्रश्न बंद.

ओलावा

ताई, अभिनंदन. एक-दोन गोष्टी अनुभवाने सांगतो, जुन्या घराची हौस मलाही आहे. आमचं घर भोरला आहे, दगडमातीचं.

सागवानी चौकटींना वाळवी सहसा लवकर लागत नाही, पण भिंतीत गेलेला भाग आणि आढ्याचे वासे तपासा. बोटाच्या पेराने ठोकायचं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सुताराला बोलवा. भिंत मातीची असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा करू नका. कुणी कितीही सांगितलं तरी नको. मातीची भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं, ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे माती घेऊन खाली येतात. आम्ही हा खर्च केलाय आणि पुन्हा खरवडून काढलाय. चुन्याचा गिलावा करा, आणि वर रंगही चुन्याचाच द्या. ऑइलपेंट नको.

आणि मिळकत पत्रिकेवर नाव लागलं का? खरेदीखत झालं म्हणजे काम झालं असं समजून माणसं बसतात. आमचं नाव लागायला एका कार्यालयात अकरा खेपा झाल्या, एका वारसाच्या सहीपायी. हे आधी उरका, मग निवांत चटण्या वाटा.

मला घर आपलं कधी वाटलं म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यात कौलं चाळली तेव्हा. शिडी लावून मी स्वतः वर चढलो होतो. कुठलं कौल कुठे सरकतं हे आता मला झोपेत सांगता येईल.

घाटावरची

ओलावा, फार उपयोगी. न्हाणीघराच्या बाजूची भिंत मातीची आहे आणि गवंडी सिमेंटच सांगत होता. आता त्याला थांबवते. नाव लागलं, पण आमच्याही बऱ्याच फेऱ्या झाल्या.

जांबोरीकर

मी वरळीच्या बीडीडीतला. वरचं सगळं वाचलं आणि म्हटलं आपलंही लिहावं, जरी आमची गोष्ट उलट्या दिशेची आहे. तुम्ही बिल्डिंगीतून खाली आलात, आम्ही चाळीतून वर गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बीडीडी चाळी १९२०च्या दशकात इंग्रज सरकारने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. माझे पणजोबा साताऱ्याकडून गिरणीत कामाला आले आणि त्या खोलीत राहिले. चार पिढ्या तिथेच. माझ्या लहानपणी आम्ही सात जण होतो. झोपायची जागा ठरलेली असायची; माझी पलंगाखाली.

ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आम्ही त्यांतले. ५०० चौरस फूट.

आता साधं सुख काय ते सांगतो. माझी आई ६९ वर्षांची आहे. लग्न होऊन आल्यापासून तिने पहाटे साडेचारला उठून आंघोळ केली, खोलीतल्या मोरीत, पडदा लावून, बाकीचे उठायच्या आत. नव्या घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती बाथरूममध्ये गेली. अकरा वाजले तरी बाहेर येईना. मी घाबरून दार वाजवलं. आतून म्हणाली, "आंघोळ करत्येय रे, तू तुझं काम कर." बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा तसा बघितला. तेव्हापासून ती रोज दहालाच आंघोळ करते. त्या वेळेत घरात कुणी तिला हाक मारायची नाही हा नियम माझ्या मुलीने केलाय.

दुसरं, समुद्र. वरळीत जन्म गेला, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, पण घरातून कधी दिसला नाही. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत बोटभर निळी पट्टी दिसते. वडील भरती-ओहोटीच्या वेळा कॅलेंडरवर बघून तिथे स्टूल घेऊन बसतात.

पण ताई, जे गेलं तेही लिहितो. चाळीत दार लावलं म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे असं समजायचे. कुणाकडे बोंबील तळतायत, कुणाचं पोरगं नापास झालंय हे विचारायला लागायचं नाही. इथे दारं बंद. लिफ्टमध्ये चाळीतलाच माणूस भेटतो, ज्याच्याबरोबर मी जांबोरी मैदानात क्रिकेट खेळलो, आणि आम्ही दोघंही वर आकडे बघत उभे राहतो. हे का होतं कळत नाही. माणसं तीच आहेत.

आईनेच तोडगा काढला. संध्याकाळी ती दाराबाहेर पाट टाकून मेथी निवडायला बसते. पहिल्या आठवड्यात एकटी होती. आता चार जणी असतात. कुणाला पाट, कुणाला खुर्ची. देठं एकाच वर्तमानपत्रावर जमा होतात. मी कामावरून येतो, लिफ्टचं दार उघडतं, आणि मेथीचा वास येतो. तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं. अजून घरात शिरलेलो नसतो, तरीही.

प्राजक्त७

जांबोरीकर, आईंना माझा नमस्कार सांगा. दहाची आंघोळ वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आईचीलेक

मला थोडं वेगळं लिहायचंय, राग मानू नका.

पाट्यावरच्या चटणीचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात कालवतं. आमचं एकत्र कुटुंब कोपरगावजवळ, चौदा माणसं. माझी आई रोज दोन वेळचं वाटण पाट्यावर वाटायची. थंडीत तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि त्यांत मिरची जायची. रात्री ती हात तुपाच्या वाटीत बुडवून बसलेली मला आठवते. १९९१ साली घरात मिक्सर आला तेव्हा तिने पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं. तो पाटा तिने स्वतःच्या हाताने गोठ्याच्या पायरीला लावला, आणि वर पाय देऊन जायची. "साधी सुखं" म्हणून आपण ज्या गोष्टी परत आणतो, त्या कुणाची तरी वेठ होत्या. हे विसरायला नको एवढंच.

जांबोरीकरांच्या आईंची बंद बाथरूम हे मला खरं सुख वाटतं.

घाटावरची

आईचीलेक, राग कसला. दुपारपासून तुमचंच वाक्य डोक्यात आहे.

तुमचं बरोबर आहे. दोन माणसांची वाटीभर चटणी आणि चौदा माणसांचं दोन वेळचं वाटण ही एक गोष्ट नव्हे. मला कंटाळा आला तर मिक्सर ओट्यावर आहे. तुमच्या आईंना तो मार्ग नव्हता. यांच्या आजीलाही नव्हता. "आजी" म्हणून हे गप्प झाले तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. तुमचं वाचल्यावर मी यांना विचारलं, आजी वाटायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात? म्हणाले, "समोर बसून वाट बघायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "कधी तिला सरक म्हटलं नाही." आज संध्याकाळी चटणी यांनी वाटली. दाणे उडून जमिनीवर गेले, वरवंट्याखाली अंगठा आला, पण वाटली. आठवड्यातून दोनदा तरी वाटीन म्हणतायत.

तुमच्या आईंचं सुख कोणतं होतं? सांगावंसं वाटलं तर सांगा.

दांडियाबाजार

मी बडोद्याहून. पुण्यातून इथे बदलीवर आलो त्याला सहा वर्षं झाली. बायको आणि मुलगा पुण्यातच होते, त्यामुळे पहिलं वर्ष घर म्हणजे गादी, टेबलफॅन आणि इंडक्शनची शेगडी.

कुणीतरी सांगितलं, मध्यवर्ती ग्रंथालयात जा. महाराजा सयाजीरावांनी १९१०मध्ये सुरू केलेलं. मी गेलो तो निव्वळ पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी, मजल्यावर मजला, आणि मधली जमीन जाड काचेची. खालच्या मजल्यावर उजेड पोहोचावा म्हणून काच. वरून कुणी चालत गेलं की चपलांची सावली तुमच्या डोक्यावरून सरकते. तिथे मराठी पुस्तकांच्या रांगाच्या रांगा आहेत. मी शाळा सुटल्यापासून हातात पुस्तक धरलं नव्हतं. त्या वर्षी सव्वीस वाचली. रविवारी सकाळी पुस्तक बदलायचं, खंडेराव मार्केटात भाजी घ्यायची, खोलीवर येऊन खिचडी टाकायची आणि ती शिजेपर्यंत पहिली वीस पानं.

आता सगळे इथेच आहेत. मुलगा ग्रंथालयात पहिल्यांदा आला तेव्हा काचेवर पाय टाकायला घाबरला. मी बोट धरून त्याला नेलं. पुण्याच्या घराचा हप्ता मी अजून भरतोय, पण घर म्हटलं की डोळ्यांसमोर बडोदं येतं.

सरोवरकाठ

मिनेसोटा. इथल्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवर "दहा हजार तळी" असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या घरामागे त्यांतलं एक आहे. नोव्हेंबरात आम्ही घर घेऊन राहायला आलो आणि डिसेंबरात ते गोठलं. माणसं त्याच्यावर गाड्या नेऊन बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. मी खिडकीतून बघायचे आणि वाटायचं की मी इथे कुणीच नाही.

माझं अडलं होतं विरजणावर. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण आमच्याकडे दही-भात झाल्याशिवाय जेवण झालं असं वाटत नाही. बाहेर उणे पंचवीस, घरात हीटर लावून एकवीस अंश. दूध कोमट करून, भांडं ब्लँकेटात गुंडाळून, काय काय केलं. सकाळी दूध ते दूध. दोन महिने. दुकानातलं दही आणलं की त्याला आपला आंबटपणा नाही.

शेजारी एक ऐंशीच्या आजी आहेत, त्यांचे पूर्वज नॉर्वेचे. त्या पाव घरी करतात. मी एकदा सहज बोलून गेले तर म्हणाल्या, मी पिठाचा गोळा ओव्हनमध्ये ठेवते. ओव्हन लावायचा नाही, फक्त आतला दिवा लावून ठेवायचा. त्या बल्बची ऊब पुरते. त्या रात्री मी तसं केलं. सकाळी सहाला अंधारात ओव्हनचं दार उघडलं आणि भांडं तिरकं केलं. हललं नाही. बोटाने कडेला दाबलं, मोडलं आणि वर निवळी आली. मी तशीच, स्वेटरवर कोट चढवून, वाटीत घालून आजींकडे घेऊन गेले. त्यांनी त्यावर मेपलचा पाक घालून खाल्लं. मला ते कसंसंच झालं, पण त्या आवडीने खात होत्या.

आज चार वर्षं झाली, तेच विरजण चालू आहे. भारतात गेलो की ते आजींच्या फ्रिजमध्ये राहतं.

ओलावा

सरोवरकाठ, तुम्ही नसता तेव्हा त्या आजी दही लावतात का?

सरोवरकाठ

हो! आठवड्याला एकदा. परत आलं की बरणीवर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते.

सोपो

डिचोलीहून. थोडंच लिहितो. पणजीतला फ्लॅट सोडून वडिलांच्या घरी परत आलो. पहिल्या सकाळी सहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकू आला आणि मी विचार न करता उशीजवळ सुटे पैसे चाचपले. लहानपणी आई तिथे ठेवायची. पैसे अर्थातच नव्हते. बायकोने ते बघितलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून उशीजवळ वीस रुपये असतात.

घाटावरची

सोपो, तुम्ही थोडं लिहिलंत पण ते किती मोठं आहे.

सगळ्यांना एक सांगायचं राहिलं. सध्या वाईत कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी नवस बोलला गेला आणि तेव्हापासून तो होतो असं इथे सांगतात. सात घाट, एकेका घाटाची पाळी. त्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई येऊन बसते, कीर्तन होतं, प्रसादाला पंगती बसतात. आमच्या गंगापुरीच्या पाळीला शेजारच्या काकूंनी मला विचारलं नाही, सांगितलं : "तुम्ही भाजी चिरायला या, विळी घरची आणा." मी डोंबिवलीहून आणलेली विळी पुसून तयार ठेवली आहे. एकतीस वर्षं रविवारी तेवढी वापरली गेली, एरवी सुरीवरच भागायचं. हिला धार लावून घ्यायला हवी.

जांबोरीकर, तुमच्या आईंना घेऊन या. तुमचे पणजोबा साताऱ्याकडचे म्हणालात ना? आमच्याकडे आंघोळीला वेळेचं बंधन नाही, आणि निवडायला मेथी ढीगभर असेल.

जांबोरीकर

ताई, आईला दाखवलं. ती विचारत्येय, पाट आणायचा का तिथे आहेत.

घाटावरची

पाट आहेत म्हणावं. चार.

आईचीलेक

दोन दिवस विचार करत होते, ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून.

आईचं सुख होतं दुपारी अडीचचा चहा. सगळ्यांची जेवणं, भांडी, गुरांचं पाणी झालं की ती मागच्या दाराच्या पायरीवर कपबशी घेऊन बसायची. बशीत ओतून, फुंकर न घालता, निवायची वाट बघत. तेवढा वेळ आम्हा पोरांनी तिच्याजवळ जायचं नाही. आजीसुद्धा हाक मारत नसे. पंधरा मिनिटं असतील. पायरीसमोर एक बोरीचं झाड होतं, त्याच्याकडे बघत असायची.

आता ती माझ्या भावाकडे असते, संगमनेरला, दुसऱ्या मजल्यावर. नवं घर, सगळ्या सोयी. पण दुपारी ती हातात कपबशी घेऊन घरभर फिरायची. या खोलीतून त्या खोलीत. भाऊ म्हणायचा, आई बस ना कुठेतरी. मला आज हा धागा वाचताना कळलं की ती पायरी शोधत होती. भावाला फोन केला. त्याने गॅलरीच्या दाराशी लाकडी चौरंग ठेवला, पाय खाली सोडता येतील असा. काल अडीचला ती तिथे बसली म्हणे. समोर बोर नाही, पाण्याच्या टाक्या आहेत. पण बसली.

मग मी तिला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. वाटलं होतं पाट्याचं ऐकून चिडेल. ती मधेच थांबवून म्हणाली, "त्या बाईला सांग, टाकी लावल्यावर नुसत्या तांदळाने कच जात नाही. आधी तांदूळ वाट, मग जाडं मीठ वाट, धू, आणि पहिली चटणी कुत्र्यालाही घालू नको, टाकून दे. दुसरी खा. आणि तिच्या नवऱ्याला सांग, अंगठा वर ठेवायचा नसतो, वरवंटा तळव्याने ढकलायचा."

घाटावरची

जाडं मीठ आत्ताच घेऊन आले. अंगठ्याचंही सांगितलं यांना. बसलेत.